'बेस न्हाई' म्हणालो, एवढंच

लग्नसराई सुरू झाली हे मला दुकानाची काच सांगते. शिरूरला माझं साउंडचं दुकान आहे. त्याच्या दर्शनी काचेची लांबी, म्हणजे काच धरणारी पुट्टी, एका कोपऱ्यात सुटली आहे. लांब कुठं वरात निघाली, की गाणं कानावर यायच्या आधी तो कोपरा थरथरू लागतो. मग टेबलावरच्या चहात बारीक वलयं उठतात. गाणं कुठलं, कोण म्हणतंय, काही कळत नाही. त्याचा तळ तेवढा आधी येऊन पोहोचलेला असतो. वरचे सूर हवेत विरतात, भिंतीला अडतात, झाडात अडकतात. खालचा आवाज भिंतीतून चालत येतो, जमिनीतून येतो, माणसाच्या बरगड्यांतून येतो. यंदा माघातच काच वाजायला लागली, आणि मला दिगा आठवला. दरवर्षी आठवतो. फरक एवढाच, की यंदा मी उठून त्याच्याकडं गेलो.

आमच्या भागात 'बेस' हा शब्द फार जुना. जेवण बेस झालं. सोयरीक बेस जमली. कांद्याला भाव बेस मिळाला. म्हणजे चांगलं, मनासारखं. दुसरा बेस, गाण्यातला खालचा जाड आवाज, पुढं टेपरेकॉर्डरच्या बटणावर बसून आला आणि गावात राहिला. आता दोघांत गल्लत अशी, की परवा एक नवरदेवाचा मामा दुकानात येऊन म्हणाला, "आप्पा, बेस एकदम बेस पायजे बरं का." मी त्याला बसवलं, चहा पाजला आणि समजावलं, की बॉक्सची संख्या वाढवून बेस चांगला होत नाही, नुसता मोठा होतो. खालचा आवाज स्वच्छ हवा असेल तर तो मोकळा सोडावा लागतो, एका जागेवरून यावा लागतो, आणि गाणाऱ्याच्या गळ्यावर चढता कामा नये. त्यानं मान हलवली आणि पलीकडच्या दुकानातून दुप्पट बॉक्स नेले. चालायचंच.

पण या एका शब्दानं माझा माणूस नेला, असं मी कितीतरी वर्षं सांगत आलो. चहाच्या टपरीवर सांगितलं, मांडववाल्यांच्या बैठकीत सांगितलं, सोयऱ्यांच्या पंगतीत सांगितलं. लोक हसायचे. मीही हसायचो. आतून मात्र राग यायचा. आपण बोललो एक, समोरच्यानं घेतलं दुसरं, आणि विचारायला थांबला नाही. यापेक्षा मोठा अन्याय माणसावर काय होतो?

तो उन्हाळा मला अजून वासावरून आठवतो. तेव्हा आम्ही न्हावऱ्यालाच राहायचो. साखर कारखान्याचा हंगाम संपून पट्टा पडलेला, ऊसतोड करणारे गाड्या जुंपून परत निघालेले, आणि शिवारभर कांदा काढून पसरलेला. दुपारी वारा सुटला की कापलेल्या पातीचा उग्र वास घरात शिरायचा आणि सगळ्यांचे डोळे चुरचुरायचे. चौफुल्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर उसाची टिपरं पडून वाळलेली असायची, त्यावरून मोटारसायकल घसरायची. मांडववाल्याकडं पाठीवर बॉक्स वाहून मी वर आलो होतो. त्या वर्षी पहिल्यांदा माझं स्वतःचं साउंड होतं, माझा स्वतःचा ऑर्केस्ट्रा होता, आणि टेम्पोच्या कपाळावर माझं नाव होतं. फुकट कुणी काही दिलं नव्हतं. म्हणून मीही भाव केल्याशिवाय मीठसुद्धा घेत नसे.

दिगा वरवंडचा, माळ्याचा. घरी मेथी, कोथिंबीर, झेंडू. दौंडला शिकायला होता तेव्हा रेल्वेच्या वसाहतीत एका निवृत्त गार्डच्या घरी जायचा. तो म्हातारा चर्चमध्ये बेस गिटार वाजवायचा. त्यानंच याला शिकवलं, आणि हात थरथरू लागल्यावर आपलं वाद्यही देऊन टाकलं. ते घेऊन दिगा पहिल्यांदा तालमीला आला तेव्हा आमचा ढोलकीवाला त्या चार जाड तारा बोटानं पुन्हा पुन्हा मोजत होता. शेवटी म्हणाला, "दोन तारा तुटल्यात व्हय रं? आन् ऱ्हायल्या त्या अशा दोरखंडासारख्या कशा झाल्या?" दिगा हसला आणि खालची तार छेडली. ढोलकीवाल्यानं ढोलकीवर टेकवलेला हात उचलला. म्हणाला, माझी ढोलकी आपोआप वाजली.

मला त्या वेळी बेस गिटारीतलं काही कळत नव्हतं. जे कळलं ते नुकसान करून कळलं. पहिल्याच कार्यक्रमात मी त्याची वायर साध्या गिटारीच्या अॅम्पमध्ये खोचली. दोन गाणी बरी गेली. तिसऱ्याला आतून कुणीतरी सुपात खडे पाखडावेत असा आवाज यायला लागला. स्पीकरचा कोन, म्हणजे आतला कागदी पडदा, फाटला होता. साध्या गिटारीचा स्पीकर एवढा मोठा श्वास घ्यायला केलेलाच नसतो. खालच्या सुराला हवा ढकलावी लागते, त्याला मोठा कोन लागतो, मागं भरपूर पोकळी असलेलं जड कॅबिनेट लागतं. आजही कुणी नवीन पोरगा दुकानात आला की मी त्याला हेच सांगतो. पैसे थोडे असतील तर दिखाऊ गिटार घेऊ नको, आहे ती चालव. पण आवाज बाहेर काढणारी पेटी चांगली घे. आणि पेटी नसेलच, तर एक छोटा डीआय बॉक्स, म्हणजे मधली जोडपेटी, घे आणि गिटार सरळ मिक्सरला लाव. कोन फाडत बसू नको.

मग आम्ही दोघं पुण्याला जुन्या बाजारात गेलो. तिथं एक वापरलेलं बेसचं कॅबिनेट पडलं होतं. कातडं निघालेलं, कोपऱ्याच्या पितळ्या गायब. दिगानं त्याला नुसता हात लावला तसं दुकानदारानं ओळखलं, की गिऱ्हाईक अडकलं. मी दिगाला डोळ्यानं बाजूला व्हायला सांगितलं. जुना स्पीकर घेताना मी कधी वाजवून बघत नाही, वाजवून तर कुणीही विकेल. दोन्ही हातांची बोटं कोनावर सारखी ठेवायची आणि हलकेच आत दाबायचा. आत कॉइल घासली तर बोटांना खरखर लागते, वाळूवरून बोट फिरवल्यासारखी. तशी ती लागली नाही. पण मी तोंड असं केलं, की लागली. मग शिव्या झाल्या, हात झटकणं झालं, 'तुमचं आमचं जमायचं नाही' झालं, आणि शेवटी ते कॅबिनेट माझ्या भावात टेम्पोत चढलं. वळून बघतो तर दिगा रस्त्यापलीकडं रसवंतीच्या सावलीत पाठ करून उभा. मी म्हणालो, अरे, तुझ्यासाठीच भांडत होतो. तो म्हणाला, "आप्पा, त्यो माणूस म्हातारा व्हता." मी म्हणालो, म्हाताराच जास्त लुबाडतो. परतीच्या वाटेवर टेम्पोत मागं बसून त्यानं कॅबिनेट हातांनी धरून ठेवलं होतं, आजारी माणसाला धरावं तसं.

आता वाटतं, त्याच्या पाठीकडं मी नीट बघायला हवं होतं. पण भाव जिंकलेल्या माणसाला पाठी दिसत नाहीत.

तारांची गंमत सांगायची राहिली. बेसच्या तारा महाग. वाजवून वाजवून घाम आणि मळ बसला की आवाज मेल्यासारखा येतो, ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा. दिगा त्या उकळायचा. तारा काढून वेटोळं करून पाण्यात टाकायच्या, खळखळा उकळू द्यायचं, फडक्यानं कोरड्या पुसायच्या, की पुन्हा काही दिवस झणझणीत. खरा उपाय आहे, करून बघा. फक्त चहाच्या पातेल्यात करू नका. माझी बायको सुनंदा रानातून आली, चुलीवर पातेलं खळखळताना बघून खूश झाली, झाकण काढलं, आणि आत सापांचं वेटोळं. तिनं दिगाला जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. दिगानं ते पातेलं राखेनं तीनदा घासलं, आणि दुसऱ्या दिवशी वरवंडहून येताना तिच्यासाठी झेंडूची पाटी घेऊन आला. तिचा राग गेला. पण त्या पातेल्यात तिनं पुन्हा चहा केला नाही. ते दिगाचंच झालं.

त्या उन्हाळ्यात रेकॉर्डिंग करायचं माझ्या डोक्यानं घेतलं. लोक आता मोबाइलवर नमुना मागत होते. तुमचा ऑर्केस्ट्रा कसा वाजतो ते पाठवा, मग सुपारी देऊ. पुण्याच्या स्टुडिओचा तास परवडेना. म्हणून घरातली कांदा ठेवायची खोली रिकामी केली, एक साउंड कार्ड आणि जुना कॉम्प्युटर मिळवला. खोलीत टाळी वाजवली की भिंती उलट टाळी वाजवायच्या. मी आडतीवरून रिकामं बारदान आणलं, त्या गोणपाटांचे दोनदोन थर करून चारी भिंतींना खिळले, छताला गोधड्या बांधल्या. सुनंदा म्हणाली, पाहुणे आले तर पांघरायला काय देऊ, ढोलकी? पण खोली खरोखर मुकी झाली. आत बोललं की शब्द तोंडाजवळच पडायचा. मी घामाघूम होऊन दिगाला म्हणालो, बघ, तुझ्यासाठी केलं. तो सगळीकडं बघून हळूच म्हणाला, "आप्पा, माजा आवाज वायरीनं जातो. त्याला भिंत कशाला?"

बरोबरच होतं. गाणाऱ्याला खोली लागते, ढोलकीला लागते. बेस सरळ कार्डात घेतला तर तुम्ही गोठ्यात बसा नाहीतर बाजारात, काही फरक पडत नाही. पण वायरीला तिची स्वतःची दुखणी असतात. दिगानं गिटार लावली आणि स्पीकरमधून एकसारखी घूं घूं सुरू झाली, जणू भिंतीआड पिठाची गिरणी चालली आहे. मी फ्रीज बंद केला, दूध नासलं, पुन्हा सुनंदा. पंखा बंद केला, आम्ही भाजून निघालो. घूं घूं तशीच. मग दिगानं तारांवर हात ठेवला तर ती थांबली, हात काढला की पुन्हा सुरू. मी इतकी वर्षं विहिरीवरच्या मोटारींच्या वायरी जोडलेला माणूस, मला कळलं: अर्थिंग गेलं होतं. उन्हानं अंगणातली जमीन इतकी वाळली होती, की सळई नुसती धुळीत उभी. मी मीठ टाकलं, कोळसा टाकला आणि दोन कळश्या पाणी ओतलं. जमिनीनं चर्र आवाज करत पाणी पिऊन टाकलं, मातीचा वास सुटला, आणि आत खोलीत दिगा ओरडला, "गेली, आप्पा, गेली!" तेव्हापासून रोज रेकॉर्डिंगआधी मी अंगणात पाणी घालायचो. तुळशीला सुनंदा घालायची आणि सळईला मी. जमीन ओली असली की वायरीतून येणारा आवाजही स्वच्छ होतो, हे तेव्हा मला एखाद्या मंत्रासारखं वाटायचं.

किती सुखाचे दिवस होते ते, आता कळतं. दुपारी बारदानाचा कोरडा वास, हेडफोनमध्ये एकमेकांचा श्वास, चुकलं की दिगाचं ओशाळं हसणं. मी त्याला शिव्या द्यायचो आणि तो पुन्हा पहिल्यापासून वाजवायचा. आवाज कार्डात किती घ्यायचा तेही आम्ही ठेचा खाऊनच शिकलो. सगळ्यात जोरानं मारलेली तार मीटरच्या तांबड्या दिव्याला शिवता कामा नये, त्याच्या बरंच खाली राहिली पाहिजे. कमी घेतलेलं मागून वाढवता येतं. फाटलेलं शिवता येत नाही.

गाणं पूर्ण झालं त्या संध्याकाळी सगळे अंगणात लिंबाखाली बसले. मी ते मोबाइलवर घेतलं आणि लावलं. गाणारी छान, ढोलकी कडक, कीबोर्ड स्वच्छ. पण दिगा कुठंच नाही. मी मोबाइल कानाला लावला, ताटात उपडा ठेवला, आवाज पूर्ण वाढवला. दिगा नाहीच. सगळ्या उन्हाळ्याची मेहनत, गोधड्या, नासलेलं दूध, आणि हे? माझा पारा चढला. मी मोबाइल बाजेवर आपटला आणि म्हणालो, "बेस न्हाई."

दिगानं माझ्याकडं बघितलं. किंचित हसला. मग गिटार पिशवीत घातली, पिशवीची चेन शेवटपर्यंत ओढली आणि मोटारसायकलला किक मारली. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी निरोप आला, की आता येणार नाही, दुसरा बघा. ढोलकीवाल्यानंच मग माझ्या डोक्यात ते भरवलं. म्हणाला, तुम्ही म्हणालात बेस ऐकू येत नाही, त्यानं घेतलं वाजवलेलं चांगलं नाही. मला पटलं. लगेच जाऊन सांगावं असंही वाटलं. पण मग वाटलं, मी का जाऊ? त्यानं विचारायला नको होतं? एका शब्दावरून उठून जाणाऱ्या माणसाच्या दारात मी का उभा राहू? हंगाम जोरात होता, माणसं मिळत होती. नवीन कीबोर्डवाला डाव्या हातानं खालचे सूर भरायचा. काम भागलं. काम भागतं, हेच वाईट आहे.

पुढं ऑर्केस्ट्रे बसले, डीजे आले, मी शिरूरला दुकान टाकलं. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मोठ्या बॉक्सवर जुन्या फाइली लावत होतो, आणि ते गाणं लागलं. काच थरथरली. बेस होता. पहिल्या ठोक्यापासून होता, सगळ्या गाण्याला खालून हात देऊन उभा होता. मोबाइलच्या बोटाएवढ्या स्पीकरमधून तो बाहेर पडूच शकत नव्हता, एवढंच. आता मी हे दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो: बेस मोबाइलवर तपासू नका. चांगल्या हेडफोनवर ऐका, गाडीत ऐका, मोठ्या बॉक्सवर ऐका. मोबाइलवर पोहोचवायचाच असेल तर त्यात थोडी खरखर मिसळा, म्हणजे कान उरलेला सूर स्वतःच भरून घेतो. तेव्हा हे ठाऊक असतं तर मी ओरडलो नसतो, असं त्या दुपारी म्हणालो. आणि माझी तक्रार आणखी घट्ट झाली. माझ्या कानाचा दोष नव्हता, मोबाइलचा होता. मग माझं काय चुकलं?

यंदा लोक पुन्हा ऑर्केस्ट्रा मागू लागले आहेत. डीजेला ठिकठिकाणी मनाई, वयस्कर माणसं वैतागलेली. मी जुनी माणसं गोळा करायला घेतली. ढोलकीवाला म्हणाला, दिगा शिक्रापूरला आहे, कंपनीत आहे, अजून वाजवतो म्हणे. मी गेलो. वाटेत मनात सगळी जुळवाजुळव केली. शब्दाचे दोन अर्थ, मोबाइलचा स्पीकर, गाण्यात बेस असल्याचा पुरावा म्हणून ती फाइल. त्याच्यासारखा हात मला दुसरा मिळाला नव्हता, आणि उरलेले हंगाम मला त्याच्याशिवाय काढायचे नव्हते. हे त्याला तोंडानं सांगणार नव्हतो, पण ते खरं होतं.

हायवेच्या मागं तीन मजली चाळीसारखी इमारत, प्रत्येक दारासमोर सेफ्टी बूट. दिगाचे केस पिकलेत. त्यानं मला बघितलं, आत बोलावलं, खुर्ची दिली, स्वतः पलंगावर बसला. मी लगेच सुरुवात केली. शब्द असा, अर्थ असे, मोबाइल तसा. तो शांतपणे ऐकत होता. माझं झाल्यावर म्हणाला, "आप्पा, ते मला तवाच कळलं व्हतं. मी काय येडा हाय?"

मी म्हणालो, मग गेलास का?

"वरवंडला सुपारी ठरवायला आपण दोघं गेलो व्हतो. माज्याच गावात. आठवतंय का?"

आठवत होतं. माजी सरपंचांच्या ओट्यावर बसलो होतो, घरचं लग्न होतं, ते भाव खाली ओढत होते आणि मी सोडत नव्हतो. दिगाच्या ओळखीचं घर म्हणून त्याला मुद्दाम बरोबर नेलं होतं.

"ते म्हणले, कायतरी कमी करा. तुम्ही म्हणला, ठीक हाय, बेस काढतो. तसा त्यो कुणाला ऐकू येत न्हाई. मी तुमच्या शेजारी बसलो व्हतो, आप्पा. हातात चहाचा कप व्हता."

माझा आवाज चढला. म्हणालो, अरे, पण मी तुला नेलाच ना त्या लग्नात? सोडायचं नव्हतंच काही, नुसतं सोडल्यासारखं दाखवायचं होतं. तुला पूर्ण दिलं, माझ्या पदरचं दिलं. धंदा आहे तो, असंच करतात. पलीकडच्या खोलीतून कुणीतरी भिंतीवर थाप मारली आणि झोपेतल्या आवाजात म्हणालं, "भैया, धीरे." दिगा हळू आवाजात म्हणाला, की ती पोरं नाइट करून झोपली आहेत.

मग म्हणाला, "नेलं की. गिऱ्हाइकाला कोथिंबीर वर टाकत्यात तसं मला वर टाकलं. आप्पा, आमच्या घरी कोथिंबीर पिकती. तिला पाणी कोण घालतं, ते मला म्हाईत हाय."

मी दारासमोरच्या बुटांकडं बघू लागलो. त्यालाच माझी दया आली असावी, कारण तो हसला. म्हणाला, त्यानंतर तुम्हीच लिंबाखाली ओरडला, बेस न्हाई म्हणून. कुणाला ऐकू येत न्हाई म्हणणारा माणूस तोच शोधत व्हता. मला लई हसू आलं.

म्हणजे ते हसू तसलं होतं. इतकी वर्षं मी ते दुखावलेलं हसू समजून, वर त्याच्यावरच रागावत होतो.

भिंतीवर पट्ट्यानं टांगलेली गार्डची गिटार होती. मी तिच्याकडं बघतोय हे पाहून त्यानं ती काढली, लहानशा कार्डात लावली आणि हेडफोन माझ्या कानावर चढवला. शेजारी कायम कुणीतरी झोपलेलं असतं म्हणून तो असाच वाजवतो. तो वाजवू लागला. खोलीत काय ऐकू येत असेल? नुसती तारांची टिक टिक, नखानं पत्र्यावर वाजवावं तशी. माझ्या कानात मात्र तो सगळा होता. एक लांब सूर धरायचा, सोडताना बोटानं अलगद दाबून विझवायचा, आणि दोन सुरांच्या मध्ये जागा ठेवायचा. ती जागा आधी नव्हती. माझ्याकडं असताना तो प्रत्येक ठोका भरायचा, मीच भरायला लावायचो. जितकं वाजेल तितके पैसे फिटले, असा माझा हिशेब. आता तो थांबत होता, आणि त्या थांबण्यात मला माझाच श्वास ऐकू येत होता. माझ्या कुठल्याही बॉक्समधून असा आवाज निघाला नाही, निघणारही नाही.

हेडफोन काढला तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, तारा नव्या दिसतात.

"व्हय," तो म्हणाला, "आता उकळत न्हाई."

कुणासाठी वाजवतोस, असं मी विचारलं. कुणासाठी नाही, म्हणाला. मग मी आलो होतो ते बोललो. ऑर्केस्ट्रा पुन्हा काढतोय. तू ये. काय घ्यायचं ते तूच ठरव, मी एका शब्दानं घासाघीस करणार नाही.

"तुम्हाला जमायचं न्हाई, आप्पा." तो हे मायेनं म्हणाला. "आन् पैशाचं न्हाईच ते. मी न्हाई येणार." गिटार परत भिंतीला टांगून त्यानं पट्टा सारखा केला. मग सुनंदाची चौकशी केली, माझ्या गुडघ्याची केली, जिना अरुंद आहे, सांभाळून उतरा म्हणाला.

सौदा तुटला की उठायचं, पाठ फिरवायची आणि सावकाश चालायचं, हे मी आयुष्यभर करत आलो. घाई केली तर समोरच्याला वाटतं हा खरंच गेला. मागं बघितलं तर वाटतं याला गरज आहे. म्हणून न बघता, पाय ओढत, पण ताठ चालायचं. पाचदहा पावलांत हाक येते. जुन्या बाजारात आली, आडतीवर आली, सोयरिकीतसुद्धा आली. मी तसाच उतरू लागलो. पहिल्या वळणावर थांबून चपलेचा पट्टा नीट केला. दुसऱ्या वळणावर गुडघा दुखतो म्हणून टेकलो, तो खरंच दुखत होता. खाली आलो, किराणा दुकानापर्यंत गेलो. हायवेवरून ट्रकामागं ट्रक चालले होते, जमीन पायाखाली हलत होती.

एवढ्या गलक्यात हाक आली असली तरी ऐकू कशी येणार, असं मनात आलं. आयुष्यात पहिल्यांदा मी सौद्यातून माघारी वळलो, आणि जिन्याच्या पायथ्याशी जाऊन, कठड्याला धरून, मान वर करून उभा राहिलो. वर त्याचं दार लागलेलं होतं. ट्रक थांबले की मी कान द्यायचो. मध्येच नुसती टिक टिक ऐकू आल्यासारखी वाटायची, पुन्हा ट्रक यायचे.